गॅलॅक्सियन: घरच्या कुठल्या मशीनवर नीट उतरला होता?

डबल_कटिंग:
मंडळी, भावाशी पैज लागलीय आणि निकाल तुम्ही द्यायचाय. विषय गॅलॅक्सियन. तोच तो, वर किड्यांच्या रांगा, खाली आपलं विमान, आणि मधूनच एखादा किडा गिरकी घेत अंगावर येतो. आम्ही ९३-९४ च्या सुमारास टीव्हीला जोडायच्या व्हिडीओ गेमवर खेळायचो, पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ६४ गेम, आत मोजून वीस, बाकी त्याच त्याच वेगळ्या नावांनी. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तो म्हणतो तुमची ती सगळी नकली, मामाने मस्कतहून आणलेल्या अटारीवरची तीच खरी. मी म्हणतो अटारीवर किडा आणि वीट यात फरक कळायचा नाही.

तर प्रश्न असा की व्हिडीओ गेम पार्लरमधली मूळ गेम जिने सगळ्यात प्रामाणिकपणे घरी आणली ती कुठली? अटारी, पिवळी कॅसेट, कमोडोर किंवा स्पेक्ट्रमसारखा घरचा कॉम्प्युटर, काहीही चालेल. आणि ते आपलं विमान पकडून नेतात आणि सोडवलं की दोन विमानं जोडून मिळतात, ते कुठल्या व्हर्जनमध्ये होतं? मला पक्कं आठवतंय पण कॅसेटमध्ये कधी सापडलं नाही.

पैज मिसळीची आहे, दोन प्लेट, जादा तर्रीसकट.

खटपट्या:
पहिला! अभ्यास करून लिहितो, तोवर जागा धरून ठेवतो.

मुक्ता_नाशिक:
विमान पकडून नेणारी ती गॅलागा हो. गॅलॅक्सियन १९७९ ची, गॅलागा १९८१ ची, दोन्ही नामको या जपानी कंपनीच्याच. गॅलागात गोळ्या दोन सुटतात, मध्ये मध्ये बोनसची फेरी येते, ४० किडे नुसते नाचून जातात. तुमच्या २० गेममध्ये दोन्ही असणार आणि तुम्ही शाळेतून आल्यावर एकीच्या नावाखाली दुसरी खेळला असणार. आमच्या घरी दोघींना मिळून 'माशीवाली' म्हणायचे. "माशीवाली लाव." "कुठली, धरणारी का नुसती चावणारी?"

पुलंब्रेक:
धरणारी माशीवाली, हसून हसून पुरेवाट.

डबल_कटिंग:
@मुक्ता, अरे देवा. म्हणजे तीस वर्षं मी दोन गेमची एकच आठवण करून बसलोय. बरं पैज गॅलॅक्सियनचीच आहे, चावणारीची.

झेड_ऐंशी:
चांगला विषय, थोडं सविस्तर लिहितो. आधी मूळ काय होतं ते कळलं तरच नक्कल मोजता येईल.

आदल्या वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, ताइतो कंपनीच्या स्पेस इन्व्हेडर्सने जपानला वेड लावलं होतं, त्याला नामकोचं उत्तर म्हणजे गॅलॅक्सियन. डिझाइन काझुनोरी सावानो यांचं. इन्व्हेडर्सच्या सुरुवातीच्या मशीनमध्ये रंग कुठून यायचा माहितेय का, काळ्यापांढऱ्या पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. इथे प्रत्येक किड्याला स्वतःचा रंग. निळे तीन रांगा, दर रांगेत १०, वर जांभळे ८, लाल ६ आणि माथ्यावर २ पिवळे सरदार. एकूण ४६.

आता गंमत. मशीनच्या हाताशी स्प्राइट (म्हणजे पडद्यावर कुठेही सरकवता येणारं छोटं चित्र, बाटलीतलं नव्हे) किती, तर फक्त ८. मग ४६ किडे कसे? तर रांगेतले किडे स्प्राइट नाहीतच. त्या मागच्या भिंतीतल्या फरशा आहेत, ८ बाय ८ पिक्सेलच्या. अख्खी भिंतच डावीउजवीकडे सरकवतात, म्हणून फौज झुलताना दिसते. किडा रांगेतून सुटला की त्याची फरशी पुसायची आणि त्याच जागी स्प्राइट ठेवायचा, तो गिरकी मारत खाली. डोळ्याला जोड कळतच नाही. गोळ्यांसाठी आणखी वेगळं सर्किट. मागचे लुकलुकणारे तारे मेमरीत साठवलेलेच नाहीत, १७ बिटांचं एक शिफ्ट रजिस्टर (बिट पुढे पुढे ढकलत राहणारं सर्किट) फिरत असतं त्यातून ते सांडत राहतात. प्रोसेसर साधा झेड ८०, ३ मेगाहर्ट्झच्या आसपास. बाकीचं काम या अशा जुगाडांनी केलंय.

म्हणून ज्या घरच्या मशीनमध्ये 'सरकणारी भिंत आणि वर थोडे स्प्राइट' अशी रचना होती तिथे ही गेम आपसूक बसली. जिथे नव्हती तिथे प्रोग्रॅमरचा घाम निघाला. आपली पिवळी कॅसेट पहिल्या गटातली. पुढचं रात्री लिहितो, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

आज्जीचा_नातू:
कुकर बंद करून परत या. धागा आवडला.

गिरगावकर:
मी पार्लरमध्ये खेळलेला माणूस आहे त्यामुळे घरच्या कुठल्याच व्हर्जनला मी पूर्ण मार्क देणार नाही. आमच्याकडे रुपयाला एक डाव होता आणि रुपया म्हणजे वडापावचे पैसे, त्यामुळे प्रत्येक गोळी मोजून. गॅलॅक्सियनमध्ये एका वेळी एकच गोळी सुटते हे लोक विसरतात. ती लागली किंवा वर पडद्याबाहेर गेली की मगच दुसरी. नेम चुकला की ती गोळी वर जाईपर्यंत तुम्ही निःशस्त्र उभे आणि समोरून दोन माश्या येतायत. भीती त्या अर्ध्या सेकंदात आहे. बाकी रंगबिंग ठीक आहे. घरच्या व्हर्जनमध्ये तो अर्धा सेकंद आहे का नाही एवढंच मी बघतो.

आणि मूळ मशीनला काठी फक्त डावीउजवीकडे हलणारी होती. वरखाली काही नाहीच. घरी त्या अधिक चिन्हाच्या बटणावर पोरं उगाच वर दाबत बसायची, जणू विमान उडेल.

मोठा_भाऊ_७६:
नमस्कार, या धाग्यासाठीच सदस्य झालोय. पैजेतला भाऊ तो मीच. धागाकर्त्याने अर्धी माहिती दिली आहे. १) मामाने आणलेली अटारी २६०० होती, लाकडी पट्टीवाली, ओरिजिनल. २) आमची गॅलॅक्सियनची कॅसेटही ओरिजिनल, १९८३ सालची. ३) त्या वेळी धागाकर्ता गुडघ्यावर रांगत होता आणि त्याने जॉयस्टिकचा रबरी गोळा चावला होता, खुणा अजून आहेत. अटारीवरच्या किड्यांना वीट म्हणणाऱ्याने आधी माफी मागावी.

डबल_कटिंग:
दादा तू इथे कुठे??

पुलंब्रेक:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुठला मीठवाला, कुठला बटरवाला यावर वेगळा धागा काढू.

सदाशिव_पेठी:
माझा वेगळाच अनुभव. १९८७, बाबांच्या मित्रांकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस होता. तरुण मंडळींना माहीत नसेल, सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम आपल्या पुण्यात बनायचा, डेसिबेल्स नावाची कंपनी परवाना घेऊन बनवायची. त्यावर गॅलॅक्सियन म्हणजे साधी गाण्याची असते तसली कॅसेट, टेपरेकॉर्डरला वायर लावायची, प्ले दाबायचं आणि चार-पाच मिनिटं कर्कश्श किंचाळणं ऐकत टीव्हीच्या कडांना सळसळणारे रंगीत पट्टे बघत बसायचं. शेवटच्या दहा सेकंदात कुणी मिक्सर लावला की गेलं, परत पहिल्यापासून. काकू मिक्सर लावायच्याच. मुद्दाम लावायच्या असं माझं आजही मत आहे.

गेम सुरू झाली की मात्र... काय सांगू. स्पेक्ट्रमला स्प्राइटबिप्राइट काही नाही, सगळं प्रोसेसरने रेखाटायचं. आणि ८ बाय ८ च्या एका चौकोनात रंग दोनच. त्यामुळे लाल किडा निळ्याच्या शेजारून गेला की एकमेकांना रंग लागायचा, रंगपंचमी. आवाज म्हणजे एक बझर, तोही प्रोसेसरनेच हाताने वाजवायचा. पण मी तीच खरी समजायचो कारण दुसरी बघितलीच नव्हती. अटारीसॉफ्टने १९८४ मध्ये काढलेली अधिकृत होती की अशीच कुणाची नक्कल हे तेव्हा कोण विचारतंय, कॅसेटवर बॉलपेनने 'ग्यालक्षीअन' लिहिलेलं होतं.

व्याकरणशत्रू:
एक शंका. धाग्याच्या शीर्षकात 'उतरला होता', खाली 'मूळ गेम जिने'. गेम हा की ही?

गिरगावकर:
ही. ती गेम.

सदाशिव_पेठी:
तो गेम. 'खेळ' पुल्लिंगी म्हणून गेम पुल्लिंगी.

मुक्ता_नाशिक:
पेठीकाका, तुम्हीच वर "गेम सुरू झाली" लिहिलंय.

सदाशिव_पेठी:
ते भावनेच्या भरात.

फळा_आणि_खडू:
मी निवृत्त शिक्षिका आहे, मुलगा म्हणाला आई तू लिही. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला होता. त्यात ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक शाळाशाळांत आले. आमच्या शाळेतही आले, आणि त्यांच्या खोलीला पडदे, चपला बाहेर, आत देवघरासारखी शांतता. मुलांना आठवड्यातून एक तास. मुख्याध्यापकांकडे किल्ली.

त्यावर आर्केडियन्स नावाची गेम होती. एकॉर्नसॉफ्टची, १९८२ ची. नाव बदलून केलेली गॅलॅक्सियनच, वर रांगा, खाली विमान, किडे गिरक्या घेत येणार. आम्हा शिक्षकांना सांगितलेलं की संगणक अभ्यासासाठी आहे. तर शनिवारी शाळा सुटल्यावर गणिताचे सर आणि मी 'मशीन तपासायला' थांबायचो. सर भूमितीचे त्यामुळे म्हणायचे माशी कुठल्या वळणाने येईल हे काढता येतं. त्यांना काढता यायचं, मारता यायची नाही. मला यायची.

पुलंब्रेक:
बाई तुम्ही धाग्याच्या विजेत्या. बाकीच्यांनी घरी जावं.

आज्जीचा_नातू:
"मशीन तपासायला" हे आता आमच्या ऑफिसात रूढ करणार.

झेड_ऐंशी:
@फळा_आणि_खडू, नमस्कार बाई. आर्केडियन्स मोठं कसबाचं काम आहे कारण बीबीसी मायक्रोलाही हार्डवेअर स्प्राइट नाहीत, सगळं ६५०२ प्रोसेसरने स्वतः रंगवायचं. फक्त तो २ मेगाहर्ट्झला पळायचा, त्या काळी ६५०२ साठी तो वेग बराच होता. लिहिणारे निक पेलिंग, टोपणनाव ऑर्लँडो. माझ्या मते अधिकृत नसलेल्यांत ती सगळ्यात वर.

आता अटारीकडे येतो, मोठे भाऊ वाट बघत असतील.

अटारी २६०० हे १९७७ चं मशीन, गॅलॅक्सियनच्याही आधीचं. ते बनलं दोन रणगाडे आणि एक चेंडू असल्या खेळांसाठी. मेमरी १२८ बाइट. केबी नाही, बाइट. माझा हा प्रतिसाद त्यात मावणार नाही. स्प्राइट दोन, फार तर प्रत्येकाच्या तीन प्रती शेजारीशेजारी. पडद्याचं चित्र साठवायला जागाच नाही, टीव्हीचा किरण एकेक ओळ काढत जातो तेव्हा त्या त्या ओळीला काय दिसावं हे प्रोसेसरने जागच्या जागी सांगायचं, सेकंदाला हजारो वेळा, न चुकता. या अवस्थेत तिथे किड्यांची झुलणारी फौज आणि त्यातून गिरकी घेत सुटणारे किडे दाखवलेत. रांगेत किडे मूळपेक्षा कमी आहेत, जाड आहेत, मान्य. पण त्याच मशीनवरची पॅकमॅन आठवा, भुतं कशी लपलप करायची. त्यापुढे ही गॅलॅक्सियन म्हणजे सुईच्या भोकातून उंट.

कोण सगळ्यात जास्त मूळसारखं असं विचाराल तर पिवळी कॅसेट. कोणी सगळ्यात जास्त कष्ट केले असं विचाराल तर अटारी. पैज नक्की कशावर आहे ते आधी ठरवा.

मोठा_भाऊ_७६:
झेड साहेब, तुम्हाला एक मिसळ माझ्याकडून.

डबल_कटिंग:
दादा, पंचाला लाच देऊ नकोस.

ठाणे_लोकल:
मी प्रोग्रॅमर नाही त्यामुळे बाइट वगैरे जाऊ दे, मला आठवतं ते कॅसेट काढून फुंकर मारणं. फुंकर, मग शर्टाने पुसणं, मग थोडी तिरकी घालणं. अॅडॅप्टर एवढा तापायचा की आई म्हणायची त्यावर पापड ठेवा. आणि टीव्हीचं ट्यूनिंग. आमच्याकडे बटणं फिरवून चॅनल लावायचा टीव्ही, गेमसाठी एक बटण राखून ठेवलेलं, बाबांनी त्यावर बातम्या लावल्या की भांडण. अवांतराबद्दल क्षमस्व.

कोल्हापूरची_चिमणी:
अवांतर कसलं, हाच धागा आहे. आमच्याकडे पापड नाही, मांजर बसायची अॅडॅप्टरवर.

ओसाकाचा_पाटील:
मी दहा वर्षं जपानमध्ये. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात निप्पोनबाशीच्या डेनडेन टाउनमधून जुना फॅमिकॉम घेतला (निन्टेन्डोचं मशीन, आपली पिवळ्या कॅसेटवाली याचीच नक्कल), लालपांढरा, आणि गॅलॅक्सियनची कॅसेट. नामकोने फॅमिकॉमसाठी काढलेली ही पहिलीच गेम, सप्टेंबर १९८४. प्रोग्रॅम फक्त ८ केबी, चित्रांना आणखी ८. आजकाल व्हॉट्सअॅपवरचं 'शुभ सकाळ'चं फूल यापेक्षा कितीतरी पट जड असतं. आणि अमेरिकेत नामकोने त्या काळी ही काढलीच नव्हती, म्हणजे ओरिजिनलवाल्या अमेरिकन पोरांना जी मिळाली नाही ती आपल्याला रस्त्यावरच्या पिवळ्या कॅसेटमध्ये मिळाली.

तर घरी आलो, लावली, आणि तिसऱ्या मिनिटाला तिन्ही विमानं गेली. वाटलं वय झालं. परत, परत गेली. लहानपणी मी गल्लीत चॅम्पियन होतो हो. माश्या पळतच होत्या. दोन दिवस स्वतःला दोष दिला आणि मग वाचल्यावर कळलं. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, तिच्यात ५०. आपल्याकडे आलेले तैवानी बनावटीचे नकली फॅमिकॉम पालसाठी बनवलेले होते आणि गेम मात्र तीच, दर फ्रेमला एक पाऊल टाकणारी. म्हणजे ६० पावलांऐवजी ५०. साधारण १७ टक्के हळू! आपण भारतात जी गॅलॅक्सियन, जी मारिओ, जी काँट्रा खेळलो ती सगळी विलंबित होती.

गंमत म्हणजे सुरात फरक जवळजवळ नाही, कारण त्या नकली मशीनचा प्रोसेसर जवळपास त्याच वेगाने चालतो, फक्त फ्रेम कमी पडतात. म्हणजे पट्टी तीच, लय तेवढी उतरलेली. म्हणून लहानपणी कधी शंकाच आली नाही.

आज्जीचा_नातू:
थांबा. म्हणजे आपण सगळे १७ टक्के कमी शूर होतो?

गिरगावकर:
मी पार्लरवाला. मी पूर्ण शूर.

तंतोतंत:
पार्लरच्या मशीनमध्ये फ्रेम ६० हूनही किंचित जास्त आहेत, ६०.६. गिरगावकरांना एक टक्का आणखी.

मोठा_भाऊ_७६:
मस्कतचा टीव्हीसुद्धा पालच होता ना? (खालच्या आवाजात विचारतोय.)

ओसाकाचा_पाटील:
होय, मोठे भाऊ. ५० चाच. दोघंही एकाच बोटीत.

कोल्हापूरची_चिमणी:
माफ करा पण मला हे पटत नाही. सेकंदाला दहा फ्रेमचा फरक कुणाला कळतो? माणूस माणूस आहे, घड्याळ नाही. पाटील, तुमचं वयच झालं असेल. दिवा घ्या.

ओसाकाचा_पाटील:
घेतला. पण तबल्याच्या ठेक्यात एवढा फरक करून बघा, गायक उठून जाईल.

तंतोतंत:
अजून एक मुद्दा कुणीच काढला नाही. मूळ मशीनचा पडदा उभा आहे. २२४ रुंद, २५६ उंच. घरचा टीव्ही आडवा. फॅमिकॉमचं चित्र २५६ रुंद २४० उंच, म्हणजे पिक्सेल मोजले तर जवळपास बसतं, पण आडव्या टीव्हीवर तेच पिक्सेल पसरट होतात. त्यामुळे किडे बुटके दिसतात आणि मुख्य म्हणजे रांग आणि विमान यातलं अंतर डोळ्याला कमी वाटतं. गिरगावकरांचा तो अर्धा सेकंद यावरच अवलंबून आहे. गोळीला वर जायला जागा किती यावर भीती ठरते. पालवर तर वरखाली काळ्या पट्ट्या येऊन चित्र आणखी चेपायचं.

गिरगावकर:
आता कळलं मला घरी मजा का नाही यायची. मी बायकोला सांगायचो काहीतरी बसकं बसकं वाटतंय, ती म्हणायची टीव्ही स्टँडवर ठेवा.

झेड_ऐंशी:
तंतोतंत यांना अनुमोदन. आणि म्हणूनच कोलेको किंवा एमएसएक्स या घरच्या मशीनवरच्या व्हर्जनबद्दल मी फार उत्साही नाही. दोन्हीत एकच व्हिडीओ चिप, स्प्राइट ३२ पण एका आडव्या ओळीत चारच दिसणार, पाचवा गायब, आणि भिंत सरकवायची सोय मुळातच नाही. म्हणजे गॅलॅक्सियनचा जीव ज्यात आहे तीच गोष्ट नाही. फॅमिकॉममध्ये भिंत अलगद सरकते आणि एका ओळीत ८ स्प्राइट चालतात. दहाच्या रांगेला ८ पुरणार नाहीत, म्हणून रांग भिंतीत आणि सुटलेले किडे स्प्राइट. हुबेहूब मूळचीच रीत. नामकोच्या लोकांना नवीन काही शोधावं लागलं नाही, वहीतलं उतरवून काढलं, म्हणून तर ८ केबीत मावलं. कमोडोर ६४ ला पण हे जमण्यासारखं होतं, ८ स्प्राइट आणि सरकणारी अक्षरं, तो पण वरच्या वर्गातला.

सदाशिव_पेठी:
आणि आवाज? मूळ मशीनचा किडा खाली येतानाचा तो टुईंऽऽऽ मला कुठेच परत ऐकू आला नाही.

झेड_ऐंशी:
येणारही नाही सहज. त्यात आवाजाची चिपच नाही. ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, रेझिस्टर जोडून प्रत्येक आवाजाचं वेगळं अॅनालॉग सर्किट केलंय. पुढे कॉम्प्युटरवर मूळ मशीनची नक्कल करणाऱ्यांनाही बाकी सगळं जमलं तरी आवाज लवकर जमला नव्हता, बरीच वर्षं रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवून वेळ मारून नेली.

खटपट्या:
अभ्यास करून आलो. गेम बॉयवर (निन्टेन्डोचं हातात धरायचं मशीन) १९९५ मध्ये गॅलागा आणि गॅलॅक्सियन एकाच कॅसेटमध्ये आली होती.

पुलंब्रेक:
दोन दिवस अभ्यास करून एक वाक्य? मास्तर, याला बाकावर उभा करा.

फळा_आणि_खडू:
बसू दे, माहिती बरोबर आहे. तिथे रंगांच्या चारच छटा, लाल किडा आणि निळा किडा आकारावरून ओळखायचा.

मुक्ता_नाशिक:
सगळे चित्र आणि आवाज बोलतायत, गुणांचं कुणी बोलत नाही. मूळ गेममध्ये सरदार एकटा खाली येताना मारला तर १५०, एका अंगरक्षकासह २००, दोघांसह असताना मारला तर ३००. पण आधी दोन्ही अंगरक्षक मारून मग त्याला मारलं तर ८००! गोळी एकच, आणि तीन माश्या झेपावतायत. सरदार मेला की बाकीची फौज क्षणभर हबकते, हल्ला थांबतो. आणि अंगरक्षक गमावलेला सरदार निसटला तर तो पुढच्या फेरीत परत हजर, दोनाचे तीन सरदार. म्हणजे नुसतं टिपत सुटायचं नाही, हाव किती धरायची ते ठरवायचं. माझ्या दृष्टीने ८०० ची हाव जिथे सुटते ते व्हर्जन खरं.

गिरगावकर:
८०० च्या नादात माझे किती वडापाव गेले ते विचारू नका.

कोल्हापूरची_चिमणी:
आता सगळं मोबाइलवर फुकट मिळतं, मूळ मशीनचीच हुबेहूब. मग ही तुलना कशाला?

तंतोतंत:
ती एमुलेशनं. तो मूळचाच प्रोग्रॅम, दुसऱ्या मशीनवर चालवलेला. कन्व्हर्जन म्हणजे दुसऱ्या मशीनसाठी पहिल्यापासून परत लिहिलेली. एक म्हणजे भीमसेनजींची सीडी, दुसरं म्हणजे गल्लीतल्या गणपतीत कुणीतरी तीच बंदिश गायलेली. आपण इथे गणपतीतल्या गायकांची तुलना करतोय.

डबल_कटिंग:
अपडेट देतो. रविवारी सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले (वय ७१). तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "माझा स्कोअर कुणी लिहिलाय का?" आम्ही दोघं भाऊ गार. तुम्ही शाळेत, कॉलेजात गेलात की दुपारी मी आणि शेजारच्या काकू खेळायचो, म्हणाली. पिवळी कॅसेट कायम थोडी तिरकी घातलेली का सापडायची ते आत्ता कळलं.

मग मी लॅपटॉपवर आधी पार्लरची मूळ लावून दिली. आईने एक डाव खेळला आणि लॅपटॉप परत केला. "ही नाही. या माश्यांना कसली घाई आहे?" मग जपानी फॅमिकॉमची लावली. "दिसायला आपली आहे. पण हिलाही घाई आहे." मी पाटलांचा प्रतिसाद आठवून सेटिंगमध्ये शोधलं, तिथे खरंच ५० फ्रेमच्या नकली मशीनचा पर्याय निघाला, कुठल्याशा रशियन नावाने. तो लावला, आईला काही सांगितलं नाही. पाच-सहा सेकंद खेळली असेल, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "हां. चहा टाक."

कोल्हापूरची_चिमणी:
माझे शब्द मागे घेते. पाटील, तुमचं वय झालेलं नाही.

ओसाकाचा_पाटील:
धन्यवाद. आईंना साष्टांग नमस्कार सांगा.

मोठा_भाऊ_७६:
मी व्हिडीओ कॉलवर हे सगळं पाहिलं. आई चौथ्या फेरीपर्यंत बोलायलाच तयार नव्हती. अटारी हरली असं मी मानत नाही, कष्टाचे मार्क तिचेच. पण पैज मूळसारखी कुठली यावर होती, त्यामुळे मिसळ मी देतो. दोनाऐवजी तीन प्लेट.

मुक्ता_नाशिक:
आईंनी ८०० मारले का?

डबल_कटिंग:
दोनदा. आणि दोन्ही वेळा सरदाराला उद्देशून जे बोलली ते इथे लिहिता येत नाही.

व्याकरणशत्रू:
पण गेम हा की ही ते ठरलं नाही.

डबल_कटिंग:
आईला विचारलं. म्हणाली, "ते गेम."